अंगणातलं हृदय

"मूठ दाखव."

नवीन माणूस भेटलं की आपण नाव विचारतो, गाव विचारतो, कुणाचे कोण ते विचारतो. अक्का आधी मूठ बघायच्या. समोरच्यानं गोंधळून हात पुढं केला, की ती मूठ त्या आपल्या दोन्ही तळव्यांत धरायच्या, लिंबू पारखावं तशी फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "एवढं हाय तुझं. चांगलं हाय." मग स्वतःची मूठ छातीच्या मध्यावर, जराशी डावीकडं ठेवून मिटायच्या, सैल सोडायच्या, मिटायच्या. तोवर समोरच्याला कळलेलं असायचं, की बाई हृदयाबद्दल बोलताहेत आणि आता लवकर सुटका नाही.

आमच्या गल्लीत एका घरी बाळ जन्मलं. आम्ही बायका पाळण्याभोवती उभ्या राहून नाक कुणाचं, जावळ कुणाचं, हे ठरवत होतो. अक्का मागून आल्या, वाकल्या आणि बाळाची मूठ नुसती बघत राहिल्या. बाळाच्या आजीनं ती उघडायला बोट घातलं तर म्हणाल्या, "नको, मिटलेलीच असू दे." थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "एवढंसं. पण खोल्या चारच्या चार. दारंसुद्धा. नोड, बघ, एकपण कमी नाही." गाभाऱ्यापाशी आपला आवाज आपोआप खाली येतो, तसा त्यांचा आला होता. आम्ही सगळ्याच त्या मुठीकडं बघू लागलो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकच गोष्ट आयुष्यभर सांगतात, आणि प्रत्येक वेळी ती त्यांना स्वतःलाच नवी वाटते.

अक्का म्हैसूरच्या एका मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी तिथं ग्रंथपाल. सगळं कॉलेज त्यांना मॅडम म्हणे. मी अक्का म्हणू लागले, कारण स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो. माझी मराठी पुस्तकांनी घासून घेतलेली. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या, घरात मासिकं यायची. अक्कांची मराठी लष्कर मोहल्ल्यातली, रंगाऱ्यांच्या अंगणातली, निम्मी कन्नड. मी 'उगाच' म्हटलं की त्या म्हणायच्या, "उगाच कसलं गं, सुम्ने म्हण. तोंड भरतं."

त्यांचे आजोबा आणि वडील रंगारी. वडील तर शेवटचे, त्यांच्यानंतर घरात कुणी रंगाला हात लावला नाही. अक्का नोकरीला लागल्या तेव्हा त्यांनी कौतुकानं पाठ्यपुस्तक घरी नेऊन वडलांना हृदयाचं चित्र दाखवलं. एक बाजू तांबडी, एक निळी, तुम्हीही शाळेत तसंच रंगवलं असेल. वडलांनी चष्मा लावून बराच वेळ ते पाहिलं.

"रक्तात नीळ कुठनं आली?" त्यांनी विचारलं.

अक्का म्हणाल्या, "तसं नसतं आप्पा. ते आपलं कळावं म्हणून."

"चुकीचं कळावं म्हणून?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी हातरुमालांचे दोन गठ्ठे लेकीपुढं ठेवले. दोन्ही मंजिष्ठेत रंगवलेले. वेल एकच, मुळी एकच, फक्त कापडाला आधी दिलेलं पाणी निराळं. एका गठ्ठ्याला तुरटीचं, तो उजळ तांबडा आला. दुसऱ्याला लोखंडाचं, तो गडद, जांभळटाकडं झुकलेला. "हे दमलेलं, हे ताजं," ते म्हणाले. "दोन्ही लालच. पोरींना खरं शिकव."

ते रुमाल अक्कांनी निवृत्त होईपर्यंत वापरले. परीक्षेत मात्र मुलींना निळा रंग द्यायला सांगत. "पेपर तपासणारा माझ्या आप्पांना ओळखत नाही," असं म्हणायच्या. 'अशुद्ध रक्त' हा शब्द त्यांनी वर्गातून कायमचा हद्दपार केला होता. कुणी तो उच्चारला की लगेच, "अशुद्ध काय म्हणतीस? काम करून आलंय ते. दमलेलं म्हण."

हृदयाच्या धड्याच्या दिवशी अक्का सकाळी लवकर कॉलेजात यायच्या आणि मधल्या चौकात रांगोळी काढायच्या. आमच्याकडं दारात रोजच रांगोळी असते, त्यामुळं शिपायांना सुरुवातीला काही वेगळं वाटलं नाही. पण ही रांगोळी चौकभर पसरायची. वर दोन खोल्या, खाली दोन मोठ्या खोल्या, मध्ये जाड भिंत, प्रत्येक खोलीच्या तोंडाशी दार. डाव्या-उजव्या हाताला फुलांचे दोन वाफे होते, ती फुप्फुसं. फाटकाबाहेरचं सगळं आवार म्हणजे शरीर.

मुली रक्त व्हायच्या. गडद रुमाल हातात घेऊन फाटकातून आत, उजव्या वरच्या खोलीत. तिथून दारातून खाली. खालून बाहेर वाफ्यांकडं. तिथं गडद रुमाल टाकायचा, ताजा उचलायचा. मग डाव्या वरच्या खोलीत, दारातून खाली, आणि त्या शेवटच्या जाड भिंतींच्या खोलीतून जोरात फाटकाबाहेर. वाटेत कुठंही अक्का टाळी वाजवायच्या आणि बोट रोखून विचारायच्या, "आता कुठं हाईस?"

सांगता आलं पाहिजे. कुठून आलो, कुठं निघालो, मागचं दार मिटलं की नाही. मागं पाऊल टाकायला सक्त मनाई. "दार एकाच बाजूला उघडतं. मागं फिरलीस तर दारच तुला अडवतं. कुणी राखण करत नाही तिथं, कुणी हुकूम देत नाही. तूच रेटतीस म्हणून ते उघडतं, तूच रेटतीस म्हणून ते मिटतं." एवढं सांगून त्या स्वतःच थबकायच्या. "कसलं काम आहे बघा," असं काहीतरी पुटपुटायच्या, आणि मुली एकमेकींकडं बघून हसायच्या.

एकदा आमचे प्राचार्य घाईत चौक ओलांडून निघाले. थेट रांगोळीवरून, मधल्या भिंतीतून आरपार.

"सर!" अक्का ओरडल्या. "भिंतीतनं गेलात तुम्ही. भोक पडलं."

प्राचार्य एक पाय डाव्या खोलीत आणि एक उजव्या खोलीत ठेवून उभे राहिले.

"मिसळलं सगळं," अक्का म्हणाल्या. "नरसीपूरच्या संगमावर कावेरी नि कबिनी मिसळतात, तिथं ठीक आहे. इथं भेटायचं नाही. परत जा आणि फुप्फुसातनं या."

प्राचार्य तसे कडक. पण रुमाल धरलेल्या मुली टक लावून बघत होत्या. ते मुकाट्यानं मागं फिरले, फुलांच्या वाफ्याला वळसा घालून आले आणि शेवटच्या खोलीतून बाहेर पडताना त्यांनी नकळत पावलं भराभर टाकली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुढं अनेक वर्षं या धड्याच्या दिवशी ते कार्यालयातून निघायचे ते मागच्या दारानं.

हवेबद्दल अक्का जे सांगायच्या ते मात्र पुस्तकातलं नव्हतं. त्यांच्या घरी निळीचे रांजण होते. बुडवलेलं कापड बाहेर काढलं की ते निळं नसतं, पिवळसर हिरवं असतं, कच्च्या कैरीसारखं. लहानपणी वडील ते त्यांच्या हाती देत आणि म्हणत, "धर वर. हवा खाऊ दे." मग बघता बघता, हातातल्या हातात, कापडावर निळा रंग चढत जाई. काठापासून आत, जणू कुणी फुंकर मारतंय. "रंग रांजणात नव्हता," अक्का सांगायच्या. "हवेत आल्यावर झाला. मी रोज बघायची आणि रोज तोंड उघडं राहायचं माझं. पुढं कॉलेजात गेले, सरांनी फुप्फुसं शिकवली. गडद रक्त येतं, हवा भेटते, उजळ होऊन जातं. वर्गात मी एकटीच रडत होते. सरांना वाटलं, घरी कुणी गेलं."

आपल्या सगळ्यांच्या छातीत हे आत्ता, ही ओळ वाचता वाचता चाललं आहे. अक्कांना भेटेपर्यंत मला ते नुसतं ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं, एवढं मी त्यांच्याकडून शिकले.

लहानपणी मला सांध्यांचा ताप आला होता. त्या तापानं जाता जाता हृदयाच्या एका झडपेला धक्का लावला, हे कळायला पस्तीस-चाळीस वर्षं गेली. आधी ग्रंथालयाचा जिना चढताना धाप लागू लागली. मग पुस्तकं वरच्या फळीवर ठेवताना. मग झोपल्यावर उशी उंच लागू लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, डाव्या बाजूच्या दोन खोल्यांमधली झडप आकसली आहे, नीट उघडत नाही. बदलावी लागेल. त्यासाठी हृदय काही वेळ थांबवावं लागेल.

त्या शेवटच्या वाक्यानंतरचं मला काही ऐकू आलं नाही.

मी नाही म्हटलं. माझ्या यजमानांनी समजावलं, चिडले, बोलणं सोडलं, पुन्हा समजावलं. डॉक्टर म्हणाले होते, फार थांबू नका, उशीर केला तर हृदय थकेल आणि मग आम्हालाही काही करता येणार नाही. मला ते कळत होतं. पण माणूस मेलं हे आपण कशावरून म्हणतो? हृदय थांबलं यावरून. ते मी कुणाच्या तरी हाती देऊन सांगू, की थांबवा, आणि जमलं तर पुन्हा सुरू करा? मी पुस्तकं वाचणारी बाई. वाचून माझी भीती कमी होते असा अनुभव होता. या वेळी जेवढं वाचलं तेवढी ती वाढली.

अक्का तेव्हा निवृत्त होऊन म्हैसूरच्याच विजयनगर भागात राहत होत्या, आमच्यापासून एक रस्ता सोडून. माझ्या यजमानांनी त्यांना सांगितलं असावं. एका रविवारी संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. फाटकापाशी गेलो तर अंगणभर रांगोळी, दोन्ही बाजूंना जास्वंदीचे वाफे. मला व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं. शेजारचे निवृत्त बँक अधिकारी, त्यांची बायको, रोज संध्याकाळी मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, टोपली घेऊन येणारी फुलवाली आणि गल्लीतल्या चार-पाच जणी, सगळ्यांच्या हातात गडद रुमाल.

"मॅडम, मी कुठून येऊ?" बँकेचे साहेब कन्नडमध्ये विचारत होते.

"तुम्ही पायातनं येताय. फार लांबनं. दमल्यासारखे चाला."

"मला दमायचं नाटक करायला नको," त्यांची बायको म्हणाली. "सकाळपासून पाहुणे होते."

रक्त फिरू लागलं. उजवीकडून वाफ्यांत, वाफ्यांतून डावीकडं. एक फेरी नीट झाली. मग अक्कांनी जास्वंदीच्या दोन कुंड्या ओढत आणल्या आणि डावीकडच्या दोन खोल्यांमधल्या दारात एकमेकींना जवळजवळ चिकटवून ठेवल्या.

"हे तुझं दार," मला म्हणाल्या. "चला सगळे. थांबायचं नाही."

फुलवाली पुढं होती. तिची टोपली कुंड्यांत अडकली. मागून बँकेचे साहेब आले, ते तिच्यावर धडकू नयेत म्हणून थांबले. त्यांच्यामागं त्यांची बायको, तिच्यामागं माझे यजमान. वरची खोली भरली. आता वाफ्यातून निघालेल्यांना जागाच नव्हती. ते वाफ्यातच दाटीनं उभे राहिले आणि फाटकातून नवे येतच होते.

"अय्यो, ढकलू नका हो!"

"मी नाही, मागून ढकलतात!"

"मॅडम, तुमची रोपं चाललीत!"

"जाऊ देत," अक्का माझ्याकडं बघत होत्या, त्यांच्याकडं नाही. "बघितलंस गर्दी कुठं झाली? दार खाली आहे, पण गर्दी बागेत. फुप्फुसात. तू जिन्यात थांबतीस ना, तेव्हा हे चाललेलं असतं. तू अशक्त नाहीस. तुझ्या आत एवढी माणसं दाराशी उभी आहेत."

मी बघत राहिले. वर्षभर मी माझ्या धापेला आळस म्हणत होते, वय म्हणत होते. ती तिथं जास्वंदीच्या झुडपात उभी होती, हातात गडद रुमाल घेऊन, आणि तिला पुढं जायचं होतं.

अक्कांनी कुंड्या बाजूला सरकवल्या. सगळे एकदम खाली आले आणि हसत, एकमेकांचे खांदे धरत फाटकाबाहेर गेले. फुलवालीची सुटी फुलं रांगोळीवर सांडली होती.

माणसं पांगल्यावर मी म्हटलं, "अक्का, दार बदलायला हवं हे पटलं. पण दार बदलताना घर बंद ठेवावं लागतं. तेवढा वेळ मी कुठं असेन?"

अक्का आयुष्यभर लोकांना जे विचारत आल्या, ते त्यांनाच कुणी विचारलं नव्हतं. त्या पायरीवर बसल्या. हाताची रांगोळी पदराला पुसली.

"रक्त यंत्रातनं फिरतं," त्या म्हणाल्या. "नळीनं बाहेर येतं, तिथंच हवा खातं, परत अंगात जातं. तेवढं मला ठाऊक आहे. पण थांबलेलं हृदय परत कसं चालतं... नाही गं ठाऊक. मी कधी विचारलंच नाही. चल, विचारू या."

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर चाळिशीचे असतील. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर अर्धा प्यालेला, साय धरलेला चहा होता. अक्का खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मूठ दाखवा."

मी शरमले. डॉक्टरांनी मात्र काही न विचारता हात पुढं केला. अक्कांनी ती मूठ दोन्ही तळव्यांत घेतली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"हिचं हृदय थांबवल्यावर परत कसं सुरू करता?"

"बऱ्याचदा करावं लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "आम्ही त्याला गार करून, औषध देऊन थांबवतो. काम झालं की गरम रक्त पुन्हा त्याच्यात जाऊ देतो. मग ते आपणच हलायला लागतं. आधी एक कोपरा, मग सगळं. कधी नाही झालं तर बारीकसा विजेचा धक्का देतो."

"म्हणजे तुम्ही काय करता तेव्हा?"

"थांबून बघतो."

"रोज?"

"जवळजवळ रोज."

"कंटाळा नाही येत?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "बाकी पुष्कळ गोष्टींचा येतो," ते म्हणाले. "त्याचा नाही."

येताना रिक्षात अक्का स्वतःची मूठ मिटत, सैल सोडत बसल्या. विजयनगरच्या वळणावर त्यांनी माझा हात धरला.

"ऐकलंस? मी जन्मभर शिकवलं, हृदय रक्ताला ढकलतं. आणि हा म्हणतो, रक्त आलं की हृदय उठतं. कुणी सांगावं लागत नाही." त्यांचे डोळे भरले होते. "मला कुणी आधी का नाही गं सांगितलं? पोरींना सांगितलं असतं."

त्या रात्री मी यजमानांना हो म्हटलं. भीती गेली होती असं नाही. पण तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं. गरम रक्त येईल, एक कोपरा हलेल, सगळे हात थांबवून बघतील. त्या खोलीत एकट्या मलाच ते दिसणार नाही, याचं मला चक्क वाईट वाटलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मला ढकलगाडीवरून नेताना अक्का बाजूनं चालत होत्या. मोठ्या दरवाजापाशी त्यांना थांबवलं. त्या वाकल्या.

"आता कुठं हाईस?"

"दारात," मी म्हटलं.

"मागं फिरायचं नाही," त्या म्हणाल्या.

माझ्या छातीत आता धातूची झडप आहे. ती वाजते. टिक, टिक, बारीक आणि कोरडं. भोवती शांतता असली की मला ऐकू येते, आणि जवळ बसलेल्यांनाही. ग्रंथालयात मुली एकमेकींच्या मनगटांकडं बघतात, मग टेबलाखाली वाकतात. सुरुवातीला मला संकोच वाटे. अक्कांनी तो ठेवू दिला नाही. पहिल्यांदा भेटायला आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं, कान पुढं केला आणि ओरडल्याच, "अय्यो, हे तर बोलतंय!"

त्यानंतर मी त्यांच्याकडं गेले की त्यांचं एक काम ठरलेलं. हिवाळ्यात अवरेकाईच्या, आपल्या पावट्याच्या, शेंगा घेऊन बसायच्या, मला समोर बसवायच्या आणि बोलायच्याच नाहीत. शेंगा सोलता सोलता ऐकत राहायच्या. मी काही बोलायला गेले की म्हणायच्या, "थांब की. दार मिटताना ऐकते मी." सगळ्यांची दारं आयुष्यभर अशीच मिटत असतात, फक्त ती इतकी मऊ असतात की त्यांना ऐकायला डॉक्टरांची नळी लागते. माझं एक दार त्यांना अंगणात बसून ऐकू येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते मी इतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. मी त्यांची कोणी नव्हते, आणि माझ्या जगण्याचा आवाज त्या पाहुण्या गवयाचं गाणं ऐकावं तशा ऐकायच्या.

गेल्या आषाढात, म्हैसूरला वारा सुटतो त्या दिवसांत, त्यांना खोकला झाला. त्यांनी तो अंगावर काढला. दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं भरत आली होती. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, आत त्यांचा लहान झालेला चेहरा. मी जवळ बसले. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"अक्का, आता कुठं आहात?"

त्यांनी मुखवटा जरा वर केला. "बागेत," त्या म्हणाल्या. "गर्दी झालीय." आणि हसल्या. मग त्यांचा हात माझ्या छातीकडं आला, कान नव्हे, हात, आणि तिथंच राहिला. नर्सनं येऊन मुखवटा नीट बसवला. त्यांचं हृदय शेवटपर्यंत चांगलं होतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हवाच पुरली नाही.

अक्कांचं लग्न झालेलं नव्हतं. सगळं पुतण्यानं केलं, मोहल्ल्यातल्या जुन्या घरातला. अस्थी नरसीपूरला न्यायच्या ठरल्यावर त्यानं मला फोन करून विचारलं, याल का. मी गेले.

संगमावर वेताच्या गोल होड्या असतात, हरिगोल म्हणतात त्यांना. पुतण्या, मी आणि एक म्हातारा नावाडी. मडक्याच्या तोंडावर पुतण्यानं अक्कांच्या गठ्ठ्यातला गडद रुमाल बांधला होता. घरात सापडलेलं लाल फडकं, एवढंच त्याला ठाऊक असावं.

मधोमध गेल्यावर नावाड्यानं वल्हं आत घेतलं. एका अंगाला पाणी गढूळ तांबूस, दुसऱ्या अंगाला हिरवट, आणि काही अंतर ती दोन्ही शेजारून चालली होती. पुढं कुठंतरी ती एक होत होती, पण नक्की कुठं ते मला दाखवता आलं नसतं. पुतण्यानं रुमाल सोडून माझ्या हाती दिला आणि मडकं पाण्यावर कलतं केलं. कुणी बोलत नव्हतं. होडी स्वतःभोवती सावकाश फिरत होती.

"अम्मा," नावाडी कन्नडमध्ये हळूच म्हणाला, "हे काय वाजतंय? घड्याळ का?"

"नाही," मी म्हटलं. "हृदय. आतलं दार मिटतंय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग वल्ह्यावरचा हातही काढून घेतला आणि मान जराशी तिरकी करून ऐकत राहिला. पुतण्याही ऐकत होता. पाण्याच्या मध्यावर आम्ही तिघं त्या आवाजाभोवती बसलो होतो आणि अक्का असत्या तर त्यांनी हातानं आम्हाला अजून गप्प केलं असतं.

रुमालाचा एक कोपरा पाण्यात भिजला होता. मी तो दोन्ही टोकांना धरून वाऱ्यावर उभा केला. मंजिष्ठेचा रंग निळीसारखा हवेनं बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी काठाला लागेपर्यंत मी तो तसाच वर धरून ठेवला.